चॉपर बांधणी (जुन्या जपानी मोटारसायकली, कोल्हापूर)

जुन्या मोटारसायकलीची फ्रेम कापून, पुढचे चाक लांब नेऊन, बैठक खाली आणून आणि अडचणीचे सगळे भाग उतरवून नव्याने घडवलेली गाडी म्हणजे चॉपर. नाव पडले ते कापण्यावरून. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत जड गाड्यांची मडगार्डे छाटून त्या हलक्या करण्याची रीत पसरली. १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियात तिला लांब दांड्यांचे आणि उंच हँडलचे रूप आले. होंडाची चार सिलिंडरची, ७३६ घनसेंमीची सीबी ७५० ही १९६९ मध्ये आली आणि पाठोपाठ यामाहाची एक्सएस ६५०. जुनी झाली तरी भरवशाने चालणारी ही इंजिने तिथल्या बांधणाऱ्यांनी हौसेने उचलली.

आपल्याकडे चॉपर म्हटले की आधी बुलेट डोळ्यांसमोर येते. पण जपानी घडणीची इंजिने करारांतून इथेही आली : एस्कॉर्ट्सची राजदूत ३५०, म्हणजे मूळ यामाहा आरडी ३५० (१९८३), मग इंड-सुझुकी, हीरो होंडा सीडी १००, यामाहाची आरएक्स १०० (१९८५), कावासाकी बजाज. यांत चॉपरच्या लांब अंगाला शोभेल असे इंजिन एकच, राजदूत ३५० चे ३४७ घनसेंमीचे जोडसिलिंडर. मात्र सुस्थितीतली आरडी आता इतकी दुर्मीळ आहे, की ती कापू नये. भंगारात निघालेली फ्रेम आणि सुटे इंजिन हाती लागले, तरच हात घालावा.

कोल्हापुरात या कामाला लागणारी विद्या चॉपरसाठी जन्मलेली नाही. उसाला पाणी उपसणारी ऑइल इंजिने आणि गुऱ्हाळाचे चरक दुरुस्त करता करता शिवाजी उद्यमनगरात लेथ, फौंड्री आणि वेल्डिंगचे हात तयार झाले. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या वसाहतींत ते मोठ्या कारखान्यांत गेले. बाजारात न मिळणारे बुश, स्पेसर, इंजिनाच्या पट्ट्या नमुना दाखवून टर्नरकडून करून घेता येतात. जुन्या गाडीच्या बांधणीत अर्धे काम हेच असते.

चॉपरचा खरा प्राण टाकीत किंवा हँडलात नसतो, मानेत असतो. मान म्हणजे फ्रेमचा पुढचा नळा, ज्यात बॉलरेसर (हँडल फिरवणाऱ्या गोळ्यांच्या कड्या) बसतात आणि ज्यावर पुढचे शॉकअप फिरते. साध्या गाडीत ती उभ्या रेषेपासून साधारण २७ अंश कललेली असते. चॉपरमध्ये हा कोन ३५ ते ४५ अंशांपर्यंत नेतात. मानेची रेषा खाली वाढवली, तर ती चाकाच्या टेकण्याच्या जागेपुढे जमिनीला मिळते. या दोन जागांमधले अंतर सहसा १०० मिलिमीटरच्या आसपास असते. कोन वाढला की ते वाढते, आणि गाडी सरळ रस्त्यावर रेघ ओढल्यासारखी चालते; पण हळू वेगात हँडल एका बाजूला कोसळू पाहते. पुणे-बंगळूर महामार्गावर सुखाची वाटणारी गाडी पन्हाळ्याच्या वळणावर दोन्ही हातांना घाम फोडते.

म्हणून मान नुसती तापवून वाकवू नये. फ्रेम जिगमध्ये (हलू न देणाऱ्या साच्यात) घट्ट धरावी, जोडाच्या आत सीमलेस (बिनजोडाच्या) पाइपची स्लीव्ह, म्हणजे आतली नळी, घालावी, बाहेरून त्रिकोणी पत्रे द्यावेत आणि वेल्डिंग टिगने (वायूच्या आवरणात होणाऱ्या विजेच्या वेल्डिंगने), सांभाळून उष्णता देत करावे. वरून घासून गुळगुळीत केलेला सुंदर जोड मला नेहमी संशयास्पद वाटतो. घासण्यात ताकदच निघून गेलेली असू शकते. मागचा चिमटा (मागचे चाक धरणारा हलता भाग) आणि शॉकअप काढून फ्रेम ताठ केली, तर चेनचा ताण कायम एकसारखा राहतो, हा फायदा. प्रत्येक खड्डा थेट मणक्याला मिळतो, हा तोटा.

टू-स्ट्रोक इंजिनात आणखी दोन पथ्ये आहेत. आरएक्स किंवा आरडीचा सायलेन्सर हा नुसता धुराचा नळ नव्हे. त्याच्या फुगीर पोटातून उलटणारी दाबाची लाट ताजे मिश्रण परत सिलिंडरमध्ये ढकलते. तो कापून आखूड केला तर आवाज वाढतो आणि ताकद मरते. दुसरे, अंग उघडे दिसावे म्हणून ऑइलची टाकी हलवली, तर ती इंजिनाला ऑइल पुरवणाऱ्या पंपाच्या वरच राहिली पाहिजे. ऑइल उताराने येते; ते तुटले की पिस्टन जाम होतो.

मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा लागू शकतात. चॅसी नंबर बहुतेक गाड्यांत मानेवरच ठोकलेला असतो. कापताना, घासताना किंवा रंगाखाली तो गेला, तर स्वतःची गाडीही चोरीची ठरू शकते.