कोणता दिवा कुठे टांगायचा: जुन्या दिव्यांची पार्श्वभूमी

पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी किंवा बुधवारी चक्कर मारली, की एकाच ताडपत्रीवर कंदील, छताला टांगायच्या काचेच्या हंड्या, पितळी लामणदिवे आणि कारखान्यातल्या इनॅमलच्या शेड पडलेल्या दिसतात. विकणारा सगळ्यांना सरसकट ‘अँटिक’ म्हणतो. घेणाराही तसाच घेतो आणि गोठ्यातला कंदील दिवाणखान्यात, नाजूक हंडी गच्चीवर भर वाऱ्यात अशी उलटापालट होते. खरं तर यातला एकेक दिवा कुठल्या ना कुठल्या अडचणीवर तोडगा म्हणून घडला. ती अडचण ठाऊक असली, की त्याची जागा आपसूक सुचते.

तेलाच्या दिव्याची खोड म्हणजे उजेड कमी आणि काजळी फार. त्यामुळे तो माणसाजवळ ठेवावा लागे. समई उभी असते ती जमिनीवर मांडी घालून बसलेल्याच्या नजरेला. पणती देवळीत, म्हणजे भिंतीतल्या कोनाड्यात, वारा लागणार नाही अशी. जास्त उजेड हवा तर वाती वाढवायच्या, दुसरा उपाय नव्हता. जेजुरीच्या दीपमाळा किंवा मंगेशीचा अष्टकोनी दीपस्तंभ हे या हिशेबाचं भव्य रूप. आजही अंगणात एक झगझगीत दिवा लावण्यापेक्षा खाली-खाली पाच-सहा मंद दिवे लावले तर जुन्या घराला जास्त शोभतात.

वातीत मोठा बदल केला तो जिनिव्हाच्या एमे आर्गांने, 1780 च्या सुमारास. त्याने नळीसारखी पोकळ वात केली, म्हणजे ज्योतीला आतून आणि बाहेरून हवा मिळाली, आणि वर काचेची चिमणी बसवली, की हवा जोरात ओढली जाते. (मराठीत गंमत अशी, की ज्या पत्र्याच्या दिव्याला बहुधा काचच नसते त्यालाच आपण चिमणी म्हणतो.) वाड्यांतल्या हंड्या मात्र साध्या तत्त्वावर चालत. आत मेणबत्ती, नाहीतर पाण्यावर तेल ओतून तरंगती वात. काचेचं काम वारा अडवण्याचं. हंडी तीन साखळ्यांवर लोंबते आणि वर एक छोटी काचेची झाकणी असते. ती शोभेची नव्हे, कडीपाटाला, म्हणजे लाकडी छताला, काजळी धरू नये म्हणून. विकत घेताना ही झाकणी आहे का ते आधी पाहावं, कारण बहुतेकदा तीच हरवलेली असते. अशी काच विलायतेहून येई. बर्मिंगहॅमच्या ऑस्लर कंपनीने तर 1840 च्या दशकातच कलकत्त्यात दालन थाटलं होतं. हंडीची जागा छपराखालीच: ओसरी, सोपा, माजघर.

मग रॉकेल आलं. 1853 साली आजच्या युक्रेनमधल्या ल्वूव शहरात इग्नासी लुकासिएविचने रॉकेलचा दिवा पेटवला, 1859 मध्ये पेनसिल्व्हेनियात ड्रेकच्या विहिरीला खनिज तेल लागलं आणि पुढच्या काही दशकांत घासलेट खेड्यापाड्यांत पोचलं. हा शब्दही ‘गॅसलाइट’चाच अपभ्रंश मानतात. हातात धरून पावसापाण्यात नेता येईल असा दिवा मात्र अजून व्हायचा होता. अमेरिकेत जॉन आयर्विनने काचेच्या दोन बाजूंना पत्र्याच्या नळ्या दिल्या आणि हवा त्यांतून खाली वातीकडे वळवली. पहिल्या प्रकारात ज्योतीचीच तापलेली, वापरलेली हवा पुन्हा खाली येई, त्यामुळे उजेड पिवळट आणि मंद. नंतरच्या प्रकारात नळ्या वरून ताजी, थंड हवा ओढू लागल्या आणि ज्योत मोठी, पांढरी झाली. डिट्झ कंपनीने हे कंदील जगभर विकले. कंदिलाच्या त्या दोन ‘कानां’ना आपण धरण्याची कडी समजतो, पण तो दिव्याचा श्वास आहे.

आपल्याकडे कंदील म्हटलं की प्रभाकर. ओगले बंधूंनी 1916 मध्ये कऱ्हाडजवळ, औंध संस्थानच्या हद्दीत काच कारखाना काढला आणि पुढे ‘प्रभाकर’ कंदील घरोघरी गेला. कऱ्हाडचं रेल्वे स्टेशन ज्या गावात आहे, त्या ओगलेवाडीचं नाव त्या कारखान्यावरूनच. दिवेलागणीला काच राखेने पुसणं, वात सारखी कातरणं, ही कामं कित्येक घरांत मुलांकडे असत.

गॅसबत्ती हा वेगळाच प्राणी. तिच्यात गॅस नसतोच. पंप मारून रॉकेल दाबाने वर चढवतात, तिथे उष्णतेने त्याची वाफ होते आणि ती मॅन्टलमध्ये, म्हणजे तापून झगझगणाऱ्या जाळीच्या छोट्या पिशवीत, जळते. मॅन्टल ऑस्ट्रियाच्या आउअर फॉन वेल्सबाखचं, पेटंट 1885 चं. नंतर त्यात थोरियम हा धातू, त्याच्या संयुगाच्या रूपात, आला. 1909 मध्ये त्रावणकोरच्या किनाऱ्यावर शॉम्बर्ग या जर्मनाला मोनाझाइट हे थोरियम असलेलं खनिज सापडलं आणि तिथली वाळू थोरियमसाठी युरोपात जाऊ लागली. वरातीत डोक्यावरून मिरवणाऱ्या त्या बत्त्यांचा उजेड डोळे दिपवणारा, म्हणून तिची जागा उघड्यावर, उंचावर.

मुंबईत रस्त्यावर कोळशाच्या गॅसचे दिवे 1865 मध्ये लागले. 1882 मध्ये क्रॉफर्ड मार्केटात विजेचा प्रयोग झाला, तो टिकला नाही. विजेने एक गोष्ट उलटी केली: आता काच ज्योतीला वाऱ्यापासून नव्हे, माणसाच्या डोळ्याला दिव्यापासून वाचवू लागली. म्हणून दुधी काचेचे गोळे, रंगीत शेड, आणि उजेड खाली टाकणाऱ्या, आतून पांढऱ्या इनॅमलच्या टोप्या. या टोप्या गेटावर, विहिरीपाशी, गॅरेजात उत्तम, कारण इनॅमल पावसाला दाद देत नाही. मात्र टवका उडाला असेल तर तिथून गंज धरतो.

या जुन्या दिव्यांच्या आत एलईडी लावा, पण 2700 केल्व्हिनच्या आसपासचा, म्हणजे पिवळसर उजेडाचा. त्याहून पांढरा लावला की पितळ फिकं दिसतं. आणि कंदिलाच्या टाकीला भोक पाडू देऊ नका. माझ्याकडच्या प्रभाकरला एका वायरमनने वायर घालायला तळाशी ड्रिल मारलं. आता दिवे गेले की तो कंदील नुसता टांगलेला असतो, आणि मी मेणबत्ती शोधतो.