खिडकी लावून कपडे वाळतात होय?

मागच्या जुलैत मामेबहीण न्यू जर्सीहून आली होती, ऐन पावसात. डोंबिवलीच्या आमच्या घरात तेव्हा जे असतं तेच होतं, हॉलमध्ये या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या, खुर्च्यांच्या पाठीवर टॉवेल, दारावर चादर, आणि टीव्ही बघायचा तर दोन परकरांच्या मधल्या फटीतून. ती म्हणाली, "आत्या, एक ड्रायर का नाही घेत गं तुम्ही?" आई म्हणाली, "अगं आहे की!" आणि सेमी ऑटोमॅटिकच्या दुसऱ्या टबकडे बोट दाखवलं. मग उठून खिडकी लावून घेतली, म्हणे बाहेर केवढा पाऊस, सगळी दमट हवा आत येते, कपडे वाळायचे कसे. मी म्हटलं अगं उघडी ठेव. त्यावरून जो वाद झाला तो अजून चालूच आहे, आणि हा लेख त्यातूनच आला.

आधी ड्रायरचं मिटवू. आपल्याकडे ज्याला ड्रायर म्हणतात तो कपडे वाळवत नाही, तो पिळतो. टब मिनिटाला हजार-तेराशे फेऱ्या मारतो, त्यात कपड्यांना गुरुत्वाकर्षणाच्या दीड-दोनशे पट जोर बसतो आणि पाणी भोकांतून बाहेर फेकलं जातं, पाणीच राहून, वाफ न होता. म्हणून ते काम इतकं स्वस्त. अमेरिकेतला ड्रायर मात्र गरम हवा सोडून पाण्याची वाफ करतो आणि तिथे खरा खर्च आहे. एक लिटर पाण्याची ३० अंशाला वाफ करायची तर सुमारे २४०० किलोज्यूल ऊर्जा लागते, म्हणजे जवळपास पाऊण युनिट वीज, आणि हा निसर्गाचा दर आहे, यात कोणतीही कंपनी घासाघीस करू शकत नाही. पिळून झाल्यावरही एका लोडमध्ये दोन-तीन लिटर पाणी सहज उरतं. हीट पंपवाले नवे ड्रायर कमी वीज खातात ते एवढ्यासाठी की वाफेचं परत पाणी करताना जी उष्णता सुटते तीच ते पुन्हा वापरतात, दर तोच राहतो. दोरीवर वाळवताना ही ऊर्जा हवा आणि ऊन फुकट देतात. फुकट पण निवांत.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग, थोडा लांबेल, सांभाळून घ्या.

पाणी १०० अंशाला उकळतं आणि त्याची वाफ होते हे शाळेत इतकं घोकलेलं असतं की त्याच्या खालच्या तापमानाला काय होतं हे डोक्यातून निघूनच जातं. ओल्या शर्टावरचे पाण्याचे रेणू सारखे हलत असतात, सगळे सारख्या वेगाने नाही, त्यातले थोडे जरा जास्तच जोरात असतात आणि ते सुटून हवेत जातात. पण त्याच वेळी हवेतले बाष्पाचे रेणू शर्टावर येऊन आपटतात आणि चिकटतात. ही वाहतूक दोन्ही बाजूंनी चालू असते. सकाळच्या लोकलसारखं समजा, डब्यातून पन्नास उतरले आणि पन्नास चढले तर डबा आहे तेवढाच भरलेला. कपडा वाळणं म्हणजे उतरणारे चढणाऱ्यांपेक्षा जास्त असणं, बाकी काही नाही. उतरणारे किती हे शर्टाच्या तापमानावर ठरतं, चढणारे किती हे हवेत आधीच किती बाष्प आहे त्यावर.

"हवा पाणी शोषून घेते" असं आपण म्हणतो ना, तेही तसं चूकच. हवा म्हणजे स्पंज नव्हे. तेवढ्याच जागेत हवा अजिबात नसती तरी त्या तापमानाला जवळपास तेवढंच बाष्प मावलं असतं. अणूवाल्या जॉन डाल्टनने हे १९व्या शतकाच्या सुरुवातीलाच दाखवलं होतं, तरी आपण सगळे अजून स्पंजाचीच भाषा बोलतो. मी पण बोलतो, सोपी पडते.

आता आकडे. २७ अंशाला एका घनमीटरमध्ये जास्तीत जास्त २६ ग्रॅमच्या आसपास बाष्प मावतं. पावसाळ्यात आर्द्रता ९० टक्के म्हणजे त्यातले २३ ग्रॅम आधीच भरलेले, जागा उरली अडीच-तीन ग्रॅमची. आणि मे महिन्यातलं नागपूर घ्या, ४३ अंश, आर्द्रता १५ टक्के. तिथे मावतात ५९ ग्रॅम आणि आहेत फक्त ९, म्हणजे ५० ग्रॅमची जागा मोकळी. जवळजवळ वीसपट! तिथे चादर अंगणातून आणायला उशीर झाला तर तिचा पापड होतो आणि आमच्याकडे रुमालालाही दोन दिवस लागतात ते यामुळे.

हेच आकडे आता आमच्या हॉलला लावा. बारा बाय दहाची खोली, दहा फूट उंच, साधारण ३४ घनमीटर. भर पावसात त्या अख्ख्या खोलीत आणखी बाष्प मावणार ९० ग्रॅम. एक छोटा कप चहा! आणि दोऱ्यांवर लटकलंय दोन लिटर. खिडकी लावली की पहिला कपभर पाणी हवेत जाणार आणि खोली भरली, मग उतरणारे चढणारे सारखे, खेळ खलास. बाहेरची हवा ९० टक्के दमट असली तरी आतल्या शंभर टक्क्यांपेक्षा ती कोरडीच. म्हणून खिडकी उघडी हवी, समोरासमोरच्या दोन असतील तर उत्तम. हे मी आईला कागदावर मांडून दाखवलं. तिने कागद बघितला आणि म्हणाली, आणि पावसाचे शिंतोडे? तर बरोबर आहे, शिंतोडे येणार नाहीत एवढीच उघडावी. एसी लावला असेल तर मात्र आईचं खरं, तेव्हा खिडकी बंद, कारण एसी बाष्पाचं पाणी करून नळीतून बाहेर सोडतो.

पण वीसपट जागा म्हणजे वीसपट वेगाने वाळणार असं थेट होत नाही, इथे एक गंमत आहे. जे रेणू सुटून जातात ते जास्त ऊर्जावाले, म्हणजे मागे उरतात ते मंद, म्हणजे शर्ट गार पडतो. आणि शर्ट गार पडला की उतरणारे कमी होतात. म्हणजे कपडा वाळता वाळता स्वतःच्याच वाळण्याला ब्रेक लावतो. नागपूरच्या त्या ४३ अंशात सावलीत घातलेला ओला टॉवेल पार २३ अंशाच्या आसपास जातो (विदर्भातला वाळ्याच्या ताट्यांचा कूलर म्हणजे हाच ओला टॉवेल, मागे पंखा लावलेला), आणि डोंबिवलीच्या जुलैत तोच टॉवेल हवेपेक्षा जेमतेम सव्वा-दीड अंश गार. म्हणून मुंबईत कूलर चालत नाही. आणि उन्हाचा मोठा उपयोग हा, की ते कपड्याला वरून उष्णता देऊन त्याचा ब्रेक सोडवतं.

पंख्याचं काम वेगळं. कपड्याला चिकटून काही मिलिमीटरचा स्थिर हवेचा थर असतो आणि बाष्पाला त्यातून वाट काढत जावं लागतं, रेणूरेणूने धक्के खात, आणि अंतर दुप्पट झालं तर अशा भटकण्याला वेळ चौपट लागतो. पंखा हा थर पातळ करतो. म्हणून दोन कपड्यांच्या मध्ये वीतभर जागा सोडा, एकावर एक घालू नका, जीन्सचे खिसे उलटे काढा. आमच्या आजीचं सोवळं छताजवळच्या उंच दांडीवर असायचं, काठीने घालायचं काठीने काढायचं, एकटंच, कशालाही न टेकता. ते मस्त वाळायचं, पण कारण शिवाशिव. आता लगेच "बघा आपल्या पूर्वजांना विज्ञान माहीत होतं" असा फॉरवर्ड नको, शिवाशिवीमागे विज्ञान नव्हतं, होतं ते वाईटच होतं, वारा फक्त आयता मिळायचा. तसंच ते बाळाचे कपडे तिन्हीसांजेनंतर बाहेर ठेवू नयेत, नजर लागते वगैरे. रात्री हवा गार होऊन दव पडतं आणि वाळलेला कपडा परत सर्द होतो एवढंच, दव बाळाचा आणि बाबांचा कपडा वेगळा ओळखत नाही.

तो कुबट वास येतो त्यालाही नाव आहे. जपानी संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवलं की मोराक्झेला ऑस्लोएन्सिस नावाचा जिवाणू कपड्यात ४-मिथाइल-३-हेक्झेनॉइक अ‍ॅसिड बनवतो, वास त्याचा. कपडा जितका जास्त वेळ ओला तितकी त्याची चंगळ. त्यामुळे सुगंधी कंडिशनर कितीही ओता, तो वासावर फक्त पांघरूण घालतो. दुसऱ्यांदा पिळून काढा, पाच मिनिटं जास्त, वीज नगण्य लागते आणि वाळायचे तास वाचतात. माझ्या मते पावसाळ्यातला सगळ्यात चांगला उपाय हाच. फक्त जॉर्जेट, रेशीम घालू नका त्यात.

आणि शेवटी सुती कपड्यांचं. सूत म्हणजे सेल्युलोज, त्याच्या साखळीवर जागोजागी ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या बाहेर आलेल्या असतात आणि त्या पाण्याच्या रेणूंना धरून ठेवतात. हे पाणी धाग्यांच्या मध्ये साचलेलं नाही, धाग्याच्या आत बांधलेलं आहे. ६५ टक्के आर्द्रतेला "वाळलेल्या" सुती कपड्यातही त्याच्या वजनाच्या सात-आठ टक्के पाणी असतं, पॉलिएस्टरमध्ये अर्धा टक्कासुद्धा नाही. आर्द्रता नव्वदीत गेली की सुताचा आकडा दुपटीच्या जवळ जातो. म्हणजे जुलैत आपण शर्टाला हात लावतो, म्हणतो अजून ओला आहे, आणि परत दोरीवर टाकतो, पण तो त्या हवेत वाळायचा तेवढा वाळून झालेला असतो! आणखी चार दिवस लटकवला तरी तो तिथेच. इस्त्री फिरवली की कडक कोरडा होतो, कपाटात ठेवला की एक-दोन दिवसांत परत सर्द.

मामेबहिणीची जीन्स जायच्या दिवशीही कंबरेला ओली होती. तिथे कापडाचे तीन-चार थर असतात. आईने ती इस्त्रीखाली घेतली, वाफ काढली, घडी करून बॅगेत घातली आणि मग जाऊन खिडकी लावली.