गिअरबॉक्स न उघडता आणा: जुन्यातले काय ठेवायचे, काय बाद करायचे

जुना गिअरबॉक्स आमच्या वर्कशॉपमध्ये दुरुस्तीला आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "यातलं काय काय चालेल?" प्रश्न रास्त आहे. नीट वापरलेल्या गिअरबॉक्समधला बराच ऐवज दुसऱ्यांदा कामाला येतो. अडचण अशी, की उत्तर देण्यासाठी आम्हाला जे पाहावे लागते ते पुष्कळदा आधीच धुऊन गेलेले असते. मंडळी हौसेने गिअरबॉक्स खोलतात, सगळे भाग डिझेलमध्ये चकचकीत करतात आणि एका गोणीत भरून आणतात. मेहनत खूप झालेली असते, पण त्या मेहनतीमुळेच आमचे काम दुपटीने वाढते.

धुतल्यावर जाते ते असे. ड्रेन प्लगच्या (ऑइल काढायच्या बुचाच्या) चुंबकावर करडा, पिठासारखा मऊ लेप असेल तर ती नेहमीची झीज. बोटाला टोचणारे लोखंडी तुकडे असतील तर दाता किंवा बेअरिंग फुटले आहे. ऑइलमध्ये पिवळी चमक दिसली तर पितळी सिंक्रो रिंग (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या कड्या) झिजत आहेत. म्हणजे पेटी (गिअरबॉक्स) उघडायच्या आधीच अर्धे निदान होते. शिवाय शाफ्टचा एंड प्ले (पुढे-मागे हलण्याची मोकळीक) मोजायचा तो सगळे जागच्या जागी असताना. शिम (मोकळीक भरून काढणारी पातळ चकती) कुठल्या बाजूची, स्लीव्ह (गिअर गुंतवणारी सरकती कडी) हबवर (शाफ्टवरच्या तिच्या बैठकीवर) कुठल्या तोंडाने बसली होती, कुठली रिंग कुठल्या गिअरच्या शंकूसारख्या भागावर घासून जुळली होती, हे आम्ही खोलताना खुणा करून ठेवतो. शिममधला फरक मिलिमीटरच्या शतांशात असतो. गोणीत त्या एकत्र झाल्या की सगळी मापे नव्याने घ्यावी लागतात.

गोणीचे आणखी एक नुकसान आहे. गिअर एकमेकांवर आपटले की दात्याच्या कडेला बारीक खोक पडते. डोळ्यांना ती पटकन दिसत नाही, नख फिरवले की अडते. असा गिअर बसवला तर प्रत्येक फेऱ्याला टिक-टिक करतो आणि चांगला भाग आणतानाच बाद होतो.

आता काय ठेवायचे ते. गिअरच्या दात्यांचा पृष्ठभाग कडक केलेला असतो आणि हा थर साधारण अर्धा ते एक मिलिमीटरच असतो. दात्यांच्या अंगावर एकसारखी चमक असेल तर गिअर बिनधास्त ठेवावा. टाचणीच्या टोकाएवढे खळगे दिसू लागले की तो थर तुटायला लागला आहे असे समजावे. घासून, पॉलिश करून तो परत येत नाही. निळी झाक आलेला गिअर आम्ही ठेवत नाही. पोलाद निळे पडते ते सुमारे 300 अंश सेल्सिअसला, आणि तेवढ्या तापात कडकपणा उतरलेला असतो.

गिअर बदलताना शक्यतो जोडीने बदलावा. एकमेकांवर फिरून त्यांची झीज जुळलेली असते. जुन्यावर नवा चढवला की बहुधा आवाज करतो. दुसऱ्या गिअरबॉक्समधून भाग घेताना दाते मोजल्याशिवाय घेऊ नका. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन पेट्यांमध्ये दात्यांची संख्या वेगळी असू शकते. ले-शाफ्टवरचे (मुख्य शाफ्टला समांतर असलेल्या शाफ्टवरचे) गिअर अनेक गाड्यांत एकसंध असतात, तिथे एक दाता तुटला तर अख्खा शाफ्ट बदलावा लागतो.

गिअर टाकल्यावर उडून बाहेर येत असेल तर सिंक्रोचे छोटे दाते पाहावेत. त्यांची टोके टोकदार असायला हवीत. गोलावली असतील तर तो गिअर, आणि बहुतेक वेळा त्याची स्लीव्हही, बदलण्याच्या लायकीची झाली आहे. रिंग गिअरच्या शंकूवर दाबून दोघांमधली फट फीलर गेजने (पातळ पट्ट्यांच्या मापकाने) मोजतात. कंपनीने दिलेल्या किमान मापापेक्षा कमी भरली तर रिंग बाद. फोर्कचे (स्लीव्ह सरकवणाऱ्या काट्याचे) टोक एका बाजूने खाल्ले गेले आहे का, तेही बघून घ्यावे. केसिंगमध्ये (पेटीच्या बाहेरच्या कवचात) आम्ही सर्वांत आधी बेअरिंगची घरे तपासतो. बेअरिंगची बाहेरची रेस (कडी) अ‍ॅल्युमिनियममध्ये फिरली असेल तर घर मोठे झालेले असते, आणि मग आत कितीही चांगले भाग घाला, शाफ्ट सरळ राहत नाही.

"बेअरिंग तर गुळगुळीत फिरतंय, मग नवं कशाला?" हेही नेहमी ऐकू येते. घट्ट बसलेले बेअरिंग पुलरने ओढताना जोर बॉलवरून रेसवर जातो आणि रेसवर बारीक खड्डे पडतात. हातात ते सुरेख फिरते, भार आला की गुणगुणते. बेअरिंग, ऑइल सील, गॅस्केट आणि सर्क्लिप (भाग जागी धरणाऱ्या स्प्रिंगच्या कड्या) आम्ही नवेच घालतो. याच भागांसाठी पेटी पुन्हा उतरवायची वेळ आली तर सगळी मजुरी दुसऱ्यांदा पडते. उलट चांगला गिअर किंवा शाफ्ट उगाच बदलायला आम्ही सांगणार नाही. बाद केलेला प्रत्येक भाग समोर दाखवून कारण लिहून देतो.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची गोष्ट वेगळी. त्यातल्या फ्रिक्शन प्लेट (घर्षणाच्या चकत्या) आणि रबरी सील नवीनच घालाव्यात. प्लेट जळून ऑइल काळे झाले असेल तर टॉर्क कन्व्हर्टरचा (इंजिनची ताकद ऑइलमार्फत पेटीला देणाऱ्या भागाचा) भरवसा धरू नये, कारण तो कापल्याशिवाय आतून पुरता साफ होत नाही.

पेटी उतरवण्याआधी एक तपासणी जरूर करा. गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवा आणि क्लच दाबा. दाबल्यावर आवाज थांबला तर दोष बहुधा इनपुट शाफ्टच्या (इंजिनची ताकद पेटीत आणणाऱ्या शाफ्टच्या) बेअरिंगचा. दाबल्यावरच आवाज सुरू झाला तर संशय क्लचच्या रिलीज बेअरिंगवर. ते पेटीच्या बाहेर असते, गिअरबॉक्स उघडायचे कारणच नाही.

सुट्या स्थितीत आलेल्या पेटीच्या तपासणीचे पैसे आम्ही वेगळे घेतो, कारण जुळवाजुळवीतच बराच वेळ जातो. न उघडलेली पेटी आणलीत तर ही तपासणी दुरुस्तीच्या मजुरीतच धरली जाते.

आणताना गाडीचे मॉडेल, वर्ष आणि इंजिनचा प्रकार लिहून आणा. कुठल्या गिअरला, थंड असताना की गरम झाल्यावर त्रास होतो, तेही लिहा. ऑइल काढलेच असेल तर स्वच्छ बाटलीत भरून सोबत द्या. पेटी आधीच खोलली असेल तरी संकोच न करता आणा. फक्त धुऊ नका, एकेक भाग कागदात गुंडाळा आणि शिम ज्या शाफ्टच्या असतील त्यालाच तारेने बांधून ठेवा.