रंगीत तावदानांची कथा, काळ्या शाईत

अमेरिकन लेखक एडगर अ‍ॅलन पो यांची ‘द मास्क ऑफ द रेड डेथ’ ही कथा मे १८४२ मध्ये फिलाडेल्फियाच्या ‘ग्रॅहम्स मॅगझिन’मध्ये छापून आली. त्याच वर्षीच्या जानेवारीत त्यांची तरुण पत्नी व्हर्जिनिया हिच्या गाता गाता तोंडातून रक्त आले होते, आणि घरात क्षय शिरल्याचे कळून चुकले होते. कथेतल्या ‘रेड डेथ’ या जीवघेण्या साथीची खूणही रक्त हीच आहे. प्रॉस्पेरो हा राजपुत्र हजार धडधाकट सोबत्यांसह तटबंदीच्या मठात दडून बसतो आणि काही महिन्यांनी मुखवट्यांचा जलसा भरवतो. जलशाच्या सात दालनांत एकही दिवा नाही. बाहेरच्या बोळात पेटवलेल्या शेगड्यांचा उजेड रंगीत तावदानांतून गाळून आत येतो. सहा दालनांत काच आणि भिंती एकाच रंगाच्या आहेत, सातव्यात मात्र काळ्या मखमलीवर रक्तासारखा लाल उजेड पडतो.

इंग्रज चित्रकार ऑब्रे बिअर्डस्ली यांनी १८९४-९५ च्या सुमारास शिकागोच्या स्टोन अँड किंबॉल या प्रकाशकांसाठी पो यांच्या कथांवर चार चित्रे काढली, त्यांत ही कथा होती. परंतु तिला तिच्या जातीचा चित्रकार भेटला तो डब्लिनमध्ये. हॅरी क्लार्क (जन्म १८८९) यांच्या वडिलांचा चर्चच्या सजावटीचा कारखाना होता आणि खिडक्यांच्या रंगीत काचेचे काम ते तिथे शिकले. आयर्लंडमधल्याच कॉर्कच्या होनन चॅपेलमधील त्यांच्या अकरा खिडक्या १९१५ ते १९१७ या काळातल्या. पारदर्शक काचेवर रंगाचा पातळ थर असलेला तुकडा घ्यायचा, तो थर आम्लाने जागोजागी खायला लावायचा, आणि एकाच काचेत गडदापासून फिक्यापर्यंतच्या छटा उतरवायच्या, ही त्यांची खासियत.

पुस्तकांच्या चित्रांकडे ते आधीच वळले होते. इंग्रज कवी कोलरिजच्या एका दीर्घकाव्यासाठी केलेले त्यांचे काम १९१६ मध्ये डब्लिनमध्ये ब्रिटिश सत्तेविरुद्ध झालेल्या ईस्टर उठावातील आगीत जळाले. त्याच वर्षी लंडनच्या हॅरप प्रकाशनाने त्यांच्या चित्रांसह अँडरसनच्या परीकथा काढल्या. पुढे हॅरपनेच १९१९ मध्ये ‘टेल्स ऑफ मिस्टरी अँड इमॅजिनेशन’ हा पो यांचा कथासंग्रह क्लार्क यांच्या २४ कृष्णधवल चित्रांनिशी प्रसिद्ध केला. हयातभर रंगीत उजेडाशी खेळलेल्या माणसाला ही रंगांची कथा केवळ शाईत मांडावी लागली, हे मला मोठे गमतीचे वाटते. त्यांनी राजपुत्राच्या हातून खंजीर काळ्या गालिच्यावर गळून पडतो तो क्षण निवडला. काळ्याचे सलग पट्टे आणि त्यांना भिडलेले सुईच्या टोकाएवढे ठिपके पाहताना शिशाच्या पट्ट्यांत बसवलेल्या काचेची आठवण होतेच.

१९२३ च्या आवृत्तीत आठ रंगीत चित्रांची भर पडली. ती देखणी आहेत, तरी सातव्या दालनाचा लाल रंग वाचकाने स्वतः भरायचा असतो, आणि ती मोकळीक १९१९ च्या प्रतीतच अधिक आहे.