टर्बोचं तेल: फिल्टरच्या अलीकडचं आणि पलीकडचं

कोल्हापूरच्या उद्यमनगरात कुठल्याही गॅरेजच्या दारात टर्बोचा, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याचा, विषय काढा. बूस्ट (त्या हवेचा दाब) किती ठेवायचा, ती हवा थंड करणारा इंटरकूलर कुठं बसवायचा, यावर दोन चहा होतात. टर्बोला तेल कुठून द्यायचं, हे विचारलं की उत्तर एका दमात येतं: "प्रेशर असंल तिथनं घे की भावा." आता प्रेशर तर इंजिनात दहा ठिकाणी असतं. त्यातल्या दोन जागांत लोकांची हमखास गल्लत होते, कारण मीटर लावलं तर दोन्हीकडे काटा जवळपास सारखाच चढतो. एक जागा म्हणजे ब्लॉकवरच्या ऑइल स्विचचं (तेलाचं प्रेशर पडलं की दिवा लावणाऱ्या स्विचचं) भोक. दुसरी म्हणजे फिल्टर आणि ब्लॉक यांच्यामध्ये बसवायची चकती, जिला सगळे सँडविच प्लेट म्हणतात.

तेल चेंबरमधून, म्हणजे इंजिनाच्या तळच्या टाकीतून, जाळीतून पंपात जातं, पंपातून फिल्टरमध्ये आणि फिल्टरमधून ब्लॉकच्या मेन गॅलरीत, म्हणजे तेलाच्या मुख्य वाटेत. तिथून पुढं क्रँकची बेअरिंगं, आणि एका बारीक भोकातून वर हेड. जाळी अडवते ती गॅस्केटचे तुकडे वगैरे. बारीक कचरा अडतो तो फिल्टरच्या कागदात. गुऱ्हाळावर चरकातनं पडणारा रस आणि गाळून काहिलीत गेलेला रस, दोन्ही रसच. पण पहिल्यात चिपाडं असतात.

आता फिल्टर खोलून ब्लॉककडे बघा. मधोमध आट्यांचा पोकळ दांडा आणि त्याभोवती गोल खाच दिसेल. न गाळलेलं तेल खाचेच्या बाजूनं फिल्टरमध्ये शिरतं आणि गाळून झालं की मधल्या दांड्यातून ब्लॉकमध्ये परततं. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक प्लेटांची बाजूची भोकं उघडतात ती बाहेरच्या खाचेत. म्हणजे तिथून निघणारं तेल फिल्टरच्या अलीकडचं, न गाळलेलं. ती भोकं मुळात मीटरच्या सेन्सरसाठी केलेली असतात, आणि सेन्सरला तेल स्वच्छ आहे की घाण याचं काही पडलेलं नसतं. गंमत अशी, की फिल्टरमध्ये थोडं प्रेशर खर्ची पडत असल्यामुळं अलीकडच्या बाजूला काटा केसभर जास्तच दाखवतो. मग माणसाला वाटतं, हीच जागा भारी.

मलाही तसंच वाटलं होतं. ट्रॅकसाठी तयार केलेली जुनी 1300 सीसी पेट्रोल गाडी होती. इंजिन नुकतंच होनिंग करून (सिलिंडर आतून घासून) बांधलेलं, टर्बोची नळी प्लेटवरून काढलेली. बसवून देणाऱ्या मिस्त्रींनी मीटरकडं बोट दाखवलं, "चार किलो प्रेशर हाय, काय काळजी करू नका." प्रेशर होतंच. पण नव्या बांधलेल्या इंजिनात राहिलेली होनिंगची भुकटी पहिल्या स्टार्टला फिल्टरकडे निघाली, आणि तिथं पोहोचायच्या आधीच तिला टर्बोची वाट मिळाली. इंजिनाची बेअरिंगं फिल्टरमुळं वाचली. टर्बोचा शाफ्ट मात्र थोड्याच दिवसांत बोटानं हलवला तरी हलायला लागला. खोलल्यावर बुशवर (शाफ्ट ज्यात फिरतो त्या नळकांड्यावर) गोल चरे.

टर्बो इतका नाजूक का, तर त्याचा शाफ्ट मिनिटाला लाखावर फेरे घेतो आणि बुशमध्ये तेलाच्या पडद्यावर तरंगतो. तो पडदा मिलिमीटरच्या काही शतांश भागांइतका. त्यात धातूचा एक कण शिरला तरी तो सँडपेपरचं काम करतो.

म्हणून माझं मत ऑइल स्विचच्या भोकाच्या बाजूनं आहे. बऱ्याच इंजिनांत हे भोक थेट मेन गॅलरीत, फिल्टरच्या पलीकडे असतं. सगळ्यांत नसतं, काही गाड्यांत स्विच हेडवर किंवा फिल्टरच्या बैठकीवर असतो. मॅन्युअलमधला तेलाच्या वाटेचा नकाशा बघितल्याशिवाय हात घालू नये. तिथं टी (तीन तोंडांचा जोड) लावायची, एका तोंडाला स्विच, दुसऱ्याला टर्बोची नळी. टी पितळेची नको. व्हायब्रेशननं ती मानेत तुटते आणि मग सगळं तेल रस्त्यावर. स्टीलची घ्या, शिवाय नळीला क्लिप मारून आधार द्या.

इथं आट्यांची आणखी एक गल्लत होते. जपानी इंजिनांत स्विचचे आटे बहुधा पाव नव्हे, अर्धपाव इंची बीएसपीटी (ब्रिटिश मापाचे) असतात, इंचाला 28. टर्बो किटमधले निपल असतात एनपीटी (अमेरिकन मापाचे), इंचाला 27. कोनही वेगळा, एकाचा 55 अंश, दुसऱ्याचा 60. गंमत म्हणजे दोन-तीन फेरे बसतात. मग अडतं, आणि पान्यावर जोर दिला की ब्लॉकला तडा. नळाला गुंडाळायची पांढरी टेपही इथं नको, तिचे धागे तुटून टर्बोच्या भोकात जातात. पातळ सीलंट वापरा.

हेडवरून तेल घ्यायचा सल्लाही मिळतो, कारण टर्बो जवळ पडतो. ते कालव्याच्या शेपटाच्या शेतासारखं आहे. बारीक भोकातून आधीच बेतानं वर आलेलं पाणी, त्यात कॅमशाफ्टचा वाटा. त्यातून आणखी पाट काढला तर दोन्ही रानं कोरडी.

इंजिन खोललेलंच असेल, तर गॅलरीच्या टोकाचा प्लग भोक पाडून आटे मारून घेणं सगळ्यांत उत्तम. उद्यमनगरच्या लेथवाल्याला ते तासाभराचं काम. फक्त ब्लॉक नंतर धुऊन, हवा मारून साफ करा.

जागा ठरली तरी तेल किती सोडायचं, हा वेगळा प्रश्न. बुशवाल्या टर्बोला तेल भरपूर लागतं, त्याला सहसा रिस्ट्रिक्टर (तेल कमी करणारं बारीक भोक) लावत नाहीत. बॉल बेअरिंगवाल्याला कमी लागतं. गॅरेटच्या अशा टर्बोंसाठी साधारण 1 मिमीचं भोक आणि टर्बोच्या तोंडाशी कमाल 40 ते 45 पीएसआय, असा कंपनीचा आकडा आहे. बुशवाल्यातून काढलेली नळी जशीच्या तशी बॉल बेअरिंगवाल्याला जोडली, तर तो धूर टाकणार, आणि दोष सीलवर जाणार. परतीच्या नळीचंही तसंच. आतून किमान अर्धा इंच, जमेल तितकी उभी, आणि चेंबरमध्ये तेलाच्या पातळीच्या वर उघडणारी. तिथून तेल फक्त स्वतःच्या वजनानं उतरतं, मागं प्रेशर नसतं.

(हे सगळं ट्रॅकच्या गाडीसाठी. रस्त्यावरच्या गाडीचं इंजिन मूळ नोंदीपेक्षा असं बदलायचं म्हटलं की मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येतं.)

प्लेट आधीच बसवलेली असेल तर ती काढून एक बारीक तार बाजूच्या भोकातून घाला. बाहेरच्या खाचेत निघाली तर तिथं मीटर राहू द्या आणि टर्बोची नळी हलवा. मधल्या पोकळीत निघाली तर गाळलेलं तेल मिळतंय, काही बदलायला नको. मग पहिल्या स्टार्टआधी फ्यूएल पंपाचा फ्यूज काढून थोडं थोडं क्रँक करत राहा, परतीच्या नळीतून तेल पडताना दिसेपर्यंत. माझ्या दुसऱ्या टर्बोच्या वेळी खाली ठेवलेल्या डब्यात पहिला थेंब पडायला सात-आठ सेकंद लागले, आणि मगच मी फ्यूज परत लावला.