मुलांच्या हातात करवत : जमीन की टेबल?

फिनलंडने १८६६ मध्ये ग्रामीण शाळांतल्या मुलग्यांना हस्तकाम सक्तीचे केले. आपल्याकडे गांधीजींच्या पुढाकाराने वर्ध्यात १९३७ मध्ये झालेल्या शिक्षण परिषदेनंतर ७ ते १४ वयासाठी मूलोद्योगी शिक्षणाचा जो आराखडा झाला, त्यात सुतारकाम होते; पुढे सरसावली मात्र सूतकताई. टकळी स्वस्त, शिवाय तिने बोट कापत नाही.

सुतारकाम जिथे आले तिथे खरा घोळ झाला तो बैठकीचा. आपला सुतार जमिनीवर बसतो, लाकूड पायाने दाबतो आणि वाकसाने, म्हणजे आडव्या पात्याच्या कुऱ्हाडीसारख्या हत्याराने, तासतो. त्याची जुनी करवतही अंगाकडे ओढतानाच कापते. बैठक, पाय आणि ओढ असा हा एकच संच आहे. तांत्रिक शाळांनी त्याच्या जागी विलायती टेबल, शिकंजा (लाकूड आवळून धरणारे साधन) आणि ढकलून कापणारी करवत आणली. मुलांच्या दृष्टीने हा निर्णय बरोबरच होता. वाकसाचा घाव पायाच्या दिशेने येतो. घरच्या कारखान्यात वर्षानुवर्षे बघून जे अंगवळणी पडते, ते शाळेच्या तासात कसे पडणार? शिकंज्याने लाकूड धरले की पटाशीवर (लाकूड कोरायच्या छिन्नीवर) दोन्ही हात धारेच्या मागे राहतात.

फसले ते अर्धवट बदलल्यामुळे. टेबले मोठ्यांच्या उंचीची आली. खांदा वर उचलून कापणाऱ्या मुलाची करवत तिरकी जाते, अडकते, मग ते जोर लावते. हात सैल सोडल्यावर मनगट येईल तेवढीच टेबलाची उंची हवी; टेबल कापता येत नसेल तर खाली रुंद, न हलणारा फळ्यांचा मंच ठेवावा, स्टूल नव्हे. घरी ओढून कापताना पाहिलेले मूल शाळेची करवतही ओढतानाच दाबते. दात धरत नाहीत, पाते उडते आणि अंगठ्यावर येते. म्हणून इंचाला १२-१४ दातांची लहान करवत द्यावी, आधी दोन-तीनदा हलकेच मागे ओढून खाच पाडावी आणि मगच पुढे ढकलावे. भीतीपोटी बोथट पटाशी देण्याची प्रथा तर सर्वांत वाईट. बोथट धारेला जोर लागतो, आणि जोरातली पटाशीच सटकते.

१९७७ नंतर शाळांत ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ हा विषय आला. बहुतेक ठिकाणी त्या तासाला कागदी फुलेच झाली आणि हत्यारांची पेटी कपाटात गेली.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे, सुतारांकडेही, पाठवण्याची कल्पना मांडली. आजच्या सुताराकडे रंधा नि करवत बहुधा विजेवर चालतात, त्यामुळे भेटीआधीच ठरवून घ्यावे लागते : मशीन बंद, लाकूड पांगाऱ्यासारखे मऊ, ते शिकंज्यात किंवा क्लॅम्पने आवळलेले, आणि एका करवतीवर एकच मूल. पहिले दिवस गुण्या (काटकोन मापायचे साधन), पेन्सिल, कानस आणि करवतीचे. दहा दिवसांत पटाशीपर्यंत पोचण्याची घाई नको, आणि वाकस तर फक्त बघायचा, तोही समोरून नव्हे, बाजूला उभे राहून, कारण ढलप्या समोर उडतात.