सेलफोनमधला ‘सेल’ कोणता?

मोबाइलला सेलफोन म्हणतात ते त्यातल्या बॅटरीच्या सेलमुळे, असा समज विज्ञान शिकवणाऱ्या काही जणांकडूनही मी ऐकला आहे. या गैरसमजाचा दोष कुणाला देता येत नाही, कारण इंग्रजीतला हा एक शब्द आपण मराठीत कोठडी, पेशी आणि विद्युतघट असा वाटून घेतला आहे, आणि टॉर्चमध्ये घालताना मात्र तो सेलच राहिला आहे.

मूळ लॅटिन ‘सेला’ म्हणजे लहान खोली. रॉबर्ट हूकने १६६५ साली प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांत बुचाच्या पातळ कापातील पोकळ्यांना हे नाव दिले. त्याला दिसल्या त्या मेलेल्या पेशींच्या नुसत्या भिंती होत्या. टॉर्चच्या साध्या सेलमध्ये याच्या उलट प्रकार असतो. त्याची जस्ताची डबी, म्हणजे खोलीची भिंतच, वीज देता देता झिजत जाते, म्हणून विसरलेला सेल फुटून टॉर्चमध्ये चिकट, पांढरट थर धरतो.

फोनच्या सेलला भिंतच नसते. शहरभर एकच उंच मनोरा असेल, तर हाताशी असलेल्या मोजक्या वारंवारता थोड्याच संभाषणांत संपतात. यावर शहराचे षटकोनी भाग, म्हणजेच सेल, पाडून प्रत्येकात कमी शक्तीचे केंद्र बसवावे आणि तीच वारंवारता काही भाग सोडून पुन्हा वापरावी, अशी कल्पना बेल प्रयोगशाळेतील डग्लस रिंग यांनी १९४७ साली एका टिपणात मांडली. षटकोनच का, तर फटी न ठेवता पृष्ठभाग भरणाऱ्या तीन समभुज व समान कोनांच्या आकृत्यांपैकी तोच वर्तुळाला सर्वांत जवळचा आहे. तो आपल्या परिवर्तुळाचा सुमारे ८३ टक्के भाग व्यापतो, तर चौरस ६४ टक्केच. सात सेलांचा गट करून त्यातल्या प्रत्येकाला वेगळ्या वारंवारता दिल्या, तर समान वारंवारतेची दोन केंद्रे सेलच्या त्रिज्येच्या सुमारे ४.६ पट अंतरावर येतात. जमिनीलगत, इमारतींच्या गर्दीत, लहरींची शक्ती ढोबळमानाने अंतराच्या चौथ्या घाताने घटते, म्हणजे अंतर दुप्पट झाले की शक्ती सोळावा हिस्सा उरते. एरवी अभियंत्यांची डोकेदुखी असलेली ही घटच इथे भिंतीचे काम करते.

सोसायटीजवळ मनोरा नको म्हणून सह्या गोळा करणाऱ्यांनी हे गणित उलट्या बाजूनेही करून पाहावे: केंद्र जितके दूर, तितक्या जास्त शक्तीने कानाला लावलेल्या फोनला प्रक्षेपण करावे लागते.

चौथ्या पिढीच्या (४जी) जाळ्यांत शेजारचे सेलही बहुधा त्याच वारंवारता वापरतात आणि एकमेकांचा अडथळा इतर युक्त्यांनी टाळतात. तिसऱ्या पिढीत तर ही अदृश्य भिंत जागची हलत असे. एकाच वारंवारतेवर बोलणारे वाढले की त्यांचा परस्परांना होणारा गोंगाट वाढे, काठावरच्या फोनचा आवाज त्यात बुडे आणि सेल आक्रसे. गर्दी ओसरली की तो पुन्हा पसरे. अभियंते याला सेलचा श्वासोच्छ्वास म्हणत.